ठोकलेली जुनी पद्मिनी : पत्र्याचं काम कुणाला द्यावं, पार्ट कुठे शोधावेत

बाबांची 1979 ची प्रीमियर पद्मिनी मोटार तीन वर्षांपूर्वी सिंहगड रस्त्यावर एका टेम्पोने डाव्या बाजूने चेपली. मडगार्ड आत गेलं, हेडलाइटची रिंग वाकली, ग्रिलचे दोन तुकडे झाले, बंपर एका बाजूने वर उचलला गेला आणि पुढचा डावा दरवाजा उघडला की बंद होईना. टेम्पोला एक ओरखडा.

मी घाई केली. जवळच्या एका गॅरेजात गाडी लावली आणि नवव्या दिवशी चकाचक होऊन परत आणली. पहिला पावसाळा संपतो न संपतो तोच मडगार्डवर वाटाण्याएवढे फोड आले. चुंबक लावला तर चिकटेना. आत पुट्टीचा थर, आणि त्याखाली गंज. त्याहून वाईट म्हणजे ग्रिलचा एक तुकडा आणि हेडलाइटची रिंग त्यांनी ‘खराब झाली होती’ म्हणून भंगारात घालून टाकली होती. मग तेच काम दुसऱ्यांदा, दुसऱ्या माणसाकडून करून घेतलं. त्याला सात महिने लागले. हा लेख त्या सात महिन्यांवर आहे. उदाहरणं पद्मिनीची आहेत, पण अॅम्बेसेडर, कॉन्टेसा किंवा जुनी हेराल्ड असली तरी रीत हीच.

पहिला तास : रस्त्यावरचं सगळं गोळा करा

अपघात झाल्यावर माणसं सावरली, फोटो काढून झाले, की खाली वाका. काचेच्या चुऱ्यात पडलेली पट्टी, मोनोग्राम, क्लिपा, स्क्रू, रबराचा तुकडा, सगळं पिशवीत भरा. वाकलेला असला तरी तो अस्सल नमुना असतो. त्यावरून नवा बनवता येतो, दुकानदाराला दाखवता येतो, आणि पुष्कळदा तोच सरळ करून परत बसतो. गाडी गॅरेजात सोडतानाही पहिली अट हीच ठेवा, आणि कागदावर लिहून घ्या: काढलेला एकही तुकडा टाकायचा नाही, सगळे मला परत हवेत.

गाडी चालवत नेण्याआधी पंखा रेडिएटरला घासतोय का, चाक आत दबलेल्या मडगार्डला लागतंय का, ब्रेकचा पाइप चेपलाय का, ते पाहा. शंका आली तर सरळ सपाट ट्रकवर चढवून न्या. दोरी बांधून ओढताना जुन्या पत्र्याचं जे होतं ते टेम्पोने केलेल्या नुकसानापेक्षा जास्त असू शकतं. आणि पावसाळा असेल तर उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याच संध्याकाळी प्रायमरचा हात मारा. एका रात्रीत तांबूस होतं.

विमा : गाडी खोलण्याआधी

सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत एक नटही सोडवू नका. त्याच्यासमोर गाडी खोलून आतलं नुकसान दाखवा, कारण नंतर सापडलेलं नुकसान मान्य करून घेणं जिकिरीचं होतं.

फार आशा मात्र ठेवू नका. जुन्या गाडीला पूर्ण विमा द्यायला बऱ्याच कंपन्या हात आखडता घेतात, आणि दिला तरी दाव्यात घसारा कापतात. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या लोखंडी पार्टवर प्रचलित पद्धतीने 50 टक्के घसारा लागतो. रबर-प्लॅस्टिकवर 50 टक्के आणि रंगाच्या मालावरही 50 टक्के. काचेला मात्र घसारा नाही. म्हणून पॉलिसी घेतानाच गाडीची विमा किंमत नीट ठरवून घ्यावी. पाच वर्षांपेक्षा जुन्या आणि बंद झालेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक दोघं मिळून ठरवतात, तिथे गप्प बसलात तर कंपनी स्वतःच्या सोयीचा आकडा टाकते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर समोरच्याच्या विमा कंपनीकडून भरपाई मागायची वाट मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जाते. ती लांबची वाट आहे.

नुकसान किती, हे स्वतः मोजा

पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट 1100. मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती आधी फियाट 1100 डिलाइट म्हणून काढली, आणि 1974 पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. तिला वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी. त्यामुळे कोपऱ्याला बसलेला धक्का फक्त मडगार्डपुरता राहत नाही. तो पुढच्या अंगातून दरवाजाच्या खांबापर्यंत जातो. माझा दरवाजा बंद होत नव्हता तो बिजागरीमुळे नव्हे, तर खांब किंचित मागे गेल्यामुळे. पहिल्या गॅरेजाने बिजागरी वाकवून दरवाजा ‘बसवला’ होता.

हे ओळखायला मोजपट्टी पुरते. बॉनेट उघडून आतल्या चौकटीची कर्णं मोजा: डाव्या पुढच्या बोल्टपासून उजव्या मागच्यापर्यंत, आणि उलट. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. तसंच दरवाजाच्या चौकटीचं. डाव्या आणि उजव्या दरवाजाची कर्णं शेजारी लिहून काढा. माझ्या गाडीत फरक 11 मिलिमीटरचा निघाला. मग दरवाज्याभोवतीची फट वरून खालपर्यंत सारखी आहे का, तिकोनी काचेची चौकट रबरावर नीट बसते का, ते पाहा. पुढच्या टायरची झीज एकाच कडेने होत असेल तर बहुधा सस्पेन्शनची बैठक सरकलेली असते.

त्यानंतर चुंबक. फ्रिजवर चिकटवायचा साधा चुंबक कागदाच्या तुकड्यात गुंडाळून पत्र्यावरून हळू फिरवा. जिथे ओढ कमी होते तिथे खाली पुट्टी जाड आहे. हे अपघाताच्या जागीच नव्हे तर सगळ्या गाडीवर करा. मडगार्डची आतली बाजू, दरवाजाचा तळ, दरवाज्याखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि पुढच्या काचेचे खालचे कोपरे या गंजाच्या ठरलेल्या जागा. कोकणातली किंवा मुंबईची गाडी असेल तर गालिचा उचलून पाहिल्याशिवाय कुठलाही आकडा मान्य करू नका. अपघाताची दुरुस्ती आणि गंजाची दुरुस्ती यांचे हिशेब वेगळे ठेवा. गॅरेजवाल्यांनी दोन्ही एकत्र केले की खर्चाचा अंदाज राहत नाही आणि विम्याचा सर्व्हेअरही भडकतो.

आधी माणूस, मग पार्ट

लोक आधी मडगार्ड शोधतात आणि मग ते लावायला गॅरेज. मी उलट सांगेन. चांगला डेंटर तुमचंच मडगार्ड वाचवेल, आणि वाईट डेंटर कुर्ल्याहून आणलेलं अस्सल मडगार्डही वाया घालवेल.

शोधायचं कसं? मोठ्या शोरूमच्या बॉडीशॉपमध्ये जाऊ नका. तिथे पार्ट बदलतात, पत्रा घडवत नाहीत. पन्नाशी-साठीतला, काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर किंवा जुन्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री हवा. मुंबईत जुन्या टॅक्सी स्टँडजवळच्या गॅरेजांत विचारा. पुण्यात नाना पेठेतल्या जुन्या पार्टवाल्यांना विचारा: ‘पत्र्याचं काम कोण करतं?’ तीन दुकानांत एकच नाव निघालं की समजा माणूस सापडला. व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत जाऊन एखाद्या गाडीमालकाशी गप्पा मारल्या तरी नाव मिळतं, फक्त त्याची गाडी कितीला झाली हे विचारू नका.

मला ज्यांनी तारलं ते उस्ताद सत्तरीला टेकलेले. शेड छोटं, बाहेर तीन गाड्या. मी फोनवरचे फोटो दाखवायला गेलो तर म्हणाले, “फोटो राहू द्या साहेब, हात लावू द्या.” बोटांची पेरं मडगार्डवरून एकदा आडवी, एकदा उभी फिरवली. मग आतल्या बाजूला डॉली (टेकू देणारा लोखंडी ठोकळा) धरून बाहेरून हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि कान लावला. “पत्रा ताणलाय, पण मेला नाही. नवं कशाला घेता?”

डेंटरची परीक्षा घ्यायची तर हे पाहा. रंग मारलेली गाडी दाखवू नका म्हणावं, प्रायमरच्या आधीची दाखवा. उघड्या पत्र्यावर हातोडीच्या छोट्या खुणा दिसल्या तर उत्तम, घडाई झालीय. नुसते ग्राइंडरचे ओरखडे आणि वर पुट्टीचा डोंगर दिसला तर निघा. ताणलेला पत्रा दाबल्यावर टक् करून आत-बाहेर होतो. तो आवळायला गॅसने छोटा लालभडक ठिपका तापवून, ठोकून, ओल्या फडक्याने थंड करतात. हे येतं का, हे सरळ विचारा. पुट्टी कुणीच टाळू शकत नाही, पण दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की ती दुरुस्ती नव्हे.

वेल्डिंगचंही विचारा. लांब रेघ एकदम ओढली की पत्रा वेडावाकडा होतो. तुकड्या-तुकड्याने, जागा बदलत, मध्ये थंड होऊ देत करावी लागते. गंजलेल्या जागेवर वरून पट्टी चिकटवून वेल्ड मारणारा माणूस नको. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचतं आणि दोन पावसाळ्यांत गंज पुन्हा वर येतो. गंज कापून, कडेला कड भिडवून जोडलं पाहिजे. पॅच कुठल्या पत्र्याचा घालणार, तेही. 20 गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, 22 गेज त्याहून पातळ. दरवाज्याच्या तळाला 22 गेज घातला तर काम स्वस्तात होतं आणि टिकत नाही.

पार्ट : कुठला क्रम धरायचा

माझा क्रम असा आहे. आधी स्वतःचा पार्ट सरळ करणं. ते शक्य नसेल तर दुसऱ्या गाडीवरचा अस्सल जुना पार्ट. मग दुकानात पडून राहिलेला कंपनीचा नवा. मग लोकल, म्हणजे कंपनीचा नसलेला. आणि शेवटी नमुन्यावरून पत्र्यात घडवून घेणं. लोकल पार्टबद्दल माझं मत वाईट आहे. मडगार्डच्या कडा चुकलेल्या, छिद्रं दोन-चार मिलिमीटर सरकलेली, आणि ते ‘बसवायला’ डेंटर तुमची अस्सल बॉडी ठोकतो. रबर, बीडिंग आणि लायटीच्या काचा मात्र लोकल चालून जातात.

पद्मिनीचं सुख हे होतं की मुंबईच्या टॅक्स्यांमुळे पार्टांचा महापूर होता. तो ओसरतोय. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांची मुदत भरून 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून उतरली. त्यामुळे जे लागणार आहे ते आत्ताच घेऊन माळ्यावर ठेवा. दरवाज्याची हँडलं, तिकोनी काचेच्या कड्या, हेडलाइटच्या रिंगा, मागच्या लाइटच्या काचा. हेडलाइट स्वतः सहज मिळतो, रिंग मिळत नाही. खासकरून न वाकलेली.

नाना पेठेत गेलात तर पहिल्या दुकानात किंमत विचारून घरी येऊ नका. मी ग्रिलचा तुकडा पिशवीत घेऊन गेलो होतो. काउंटरवरच्या माणसाने तो उलटसुलट करून पाहिला.

“कुठल्या सालची गाडी?”

“एकोणऐंशी.”

“मग हे दुसऱ्यावालं लागेल. नंतरचं घेतलंत तर बसेल, पण दिसेल.” आणि समोरच्या गल्लीतल्या एका गोडाऊनचं नाव सांगितलं. तुकडा नसता तर मला नंतरचं विकलं गेलं असतं आणि मला कळलंही नसतं. साल सांगा, नमुना न्या.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार हा नशिबाचा खेळ आहे. सकाळी लवकर जा, पाच रविवार काही मिळणार नाही, सहाव्याला हबकॅपचा जोड मिळेल. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड हा कापलेल्या गाड्यांचा बाजार, चोर बाजारात मोनोग्राम आणि छोटे चकाकते भाग, आणि ऑपेरा हाउस-खेतवाडी भागात नव्या मालाची दुकानं. कुर्ल्यात “इधर सब मिलेगा” ऐकून हुरळू नका. टॅक्सीवरून निघालेला पार्ट असेल तर काळ्या-पिवळ्या रंगाखाली किती वेळा ठोकलाय ते पाहा. चुंबक तिथेही खिशात ठेवा. डुक्कर फियाटचे (पद्मिनीच्या आधीच्या गोलसर फियाटचे) पार्ट पद्मिनीला बसतील म्हणून कुणी सांगितलं तर हसून पुढे जा. बॉडी वेगळी आहे. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट इथे जुन्या गाड्यांचा माल निघतो.

इटलीत फियाट 1100 डी चे रबर आणि चकाकते भाग अजून बनतात. बॉडी एकाच घरची असल्याने काही बसतात, पण स्टीअरिंग उजवीकडे असल्यामुळे आणि इथे पुढे केलेल्या बदलांमुळे सगळे बसत नाहीत. मागवण्याआधी फोटोवर मापं लिहून विक्रेत्याकडून खात्री करून घ्या. कुरिअर आणि कस्टम धरून हिशेब मांडा. पत्र्याचे मोठे पार्ट मागवणं मला तरी परवडलेलं नाही.

जुना पण न वापरलेला माल मिळाला तर तेलकट कागद काढून आतून पाहा. पन्नास वर्षं गोडाऊनमध्ये पडलेल्या पत्र्याला कागदाखालूनही गंज चढतो. काचेचं एक लक्षात ठेवा: कडक केलेली काच नंतर कापता येत नाही, कडा घासायला गेलात की चुरा. पुढची वळणाची काच हातची गेली की दुसरी शोधावीच लागते. म्हणून डेंटिंगआधी काचा काढून गोधडीत गुंडाळून घरी आणून ठेवा. रबराच्या बीडिंगचा इंचभर तुकडा कापून रबराच्या दुकानात न्या, आकार जुळवून मीटरने मिळतं.

बंपर आणि पट्ट्यांना निकल करणाऱ्याकडे देण्याआधी ते पूर्ण सरळ झालेले हवेत. निकल चढल्यावर खळगा दुप्पट दिसतो. तांबं, मग निकल, मग क्रोम, असे तीन थर देतो का, हे विचारा. स्वस्तातला माणूस तांबं गाळतो आणि सहा महिन्यांत बंपर डागाळतो. हँडल, मोनोग्राम असे ओतीव भाग आतून खाल्लेले असतील तर नवं निकल टिकत नाही, ते बदलायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर किंवा ओतकामात नमुन्यावरून बारीक भाग करून देणारे कारागीर आहेत. बिजागरीची पिन, कडी यासाठी ती जागा चांगली.

पूर्ण दुसरी गाडी पार्टांसाठी विकत घ्यायचा मोह होतो. जागा असेल तर घ्या, पण कागदांसकट. गाडी मोडीत काढली की मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार मालकाने चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. विक्रेत्याच्या आरसी बुकावरचं नाव, चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळवून पाहा. बिलाशिवाय रोखीने घेतलेला दरवाजा चोरीच्या गाडीचा निघाला तर निस्तरावं तुम्हालाच लागतं. आणि आपल्या गाडीवरचा चासी नंबर असलेला पत्रा कुठल्याही कारणाने कापू देऊ नका, वेल्ड करू देऊ नका.

रंग

रंगाचं काम दिवाळीनंतर आणि होळीच्या आत. पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर दमटपणामुळे दुधी झाक येते. रिटार्डर थिनर (रंग सावकाश वाळवणारं) घालून ती कमी होते, जात नाही. जुन्या एनसी थरावर थेट पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारू देऊ नका, सुरकुत्या पडतात. आधी छोट्या जागेवर मारून चोवीस तास थांबायचं, किंवा मडगार्ड पूर्ण उघडं करायचं. पीयू मारणाऱ्याने चांगला मास्क लावायला हवा, नुसता रुमाल चालत नाही. तो लावत नसेल तर आपण आणून द्यावा.

एक सवय मात्र हट्टाने मोडून काढा: उघड्या पुट्टीवर पाणी लावून घासणं. पुट्टी पाणी पिते. वरून प्रायमर, रंग बसला की ते पाणी आत कोंडतं आणि तेच माझे वाटाण्याएवढे फोड. पुट्टी कोरडी घासायची. पाणी लावून घासायचा कागद सरफेसरनंतर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या थरानंतर. उस्तादांचा रंगारी यावर कुरकुरला, धूळ होते म्हणून. मी त्याच्याशेजारी दुपारभर बसून राहिलो.

रंग बदलायचा असेल तर आरसीवर नोंद करावी लागते. मूळ रंग शोधायचा तर हेडलाइटच्या वाटीमागे किंवा डॅशबोर्डखाली पाहा, तिथे सहसा कुणी रंगाचं पिस्तूल (स्प्रे गन) घालत नाही.

पन्नाशी जवळ आली असेल तर

पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाड्यांसाठी 2021 पासून केंद्राची व्हिंटेज नोंदणी आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट आहे: चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल-देखभाल एवढ्यापुरतीच. म्हणून दुरुस्तीचे फोटो, काढलेल्या पार्टांची यादी आणि बिलं फाइलमध्ये ठेवा. 1979 वाल्यांनी आत्तापासूनच.

पैसे आणि ताबा

अंदाज तीन भागांत घ्या: मजुरी, पार्ट, रंग. आगाऊ एक तृतीयांशाच्या वर नको. पुढचा हप्ता पत्रा उघडा असताना, प्रायमर लावण्याआधी, चुंबक फिरवून झाल्यावर. शेवटचा गाडी धुतल्यावर. तारखेवर भांडू नका. चांगला डेंटर तारीख चुकवतोच. दर शनिवारी चहा घेऊन जा, काम पुढे सरकतं.

ताबा उन्हात घ्या, ट्यूबलाइटखाली नाही. मडगार्डपासून दहा पावलं मागे जाऊन कडेने पाहा, बंगल्याच्या ग्रिलचं प्रतिबिंब पत्र्यावर सरळ पडतं का. दरवाजा दोन बोटांनी लोटून लागला पाहिजे. वेल्डच्या मागच्या बाजूला मेण किंवा गंजरोधक फवारलंय का ते बोट घालून पाहा.

आणि दरवाज्याच्या तळाला पाणी निघून जायची छोटी भोकं असतात, ती प्रायमर-रंगाने बुजलेली असतातच. माझी चारही दरवाज्यांची बुजली होती. जाड पिन घेऊन जमिनीवर उताणा झालो आणि एकेक मोकळं केलं, तेव्हा उस्ताद शेडमधून म्हणाले, “ते मी करणारच होतो.” बहुतेक करणार नव्हते.